बिनविरोध ४.७६

नगर जिल्ह्यात एकमत होणं म्हणजे मोठी अवघड गोष्ट. भावकीत बांधावरून, गावात पाण्याच्या आवर्तनावरून आणि तालुक्यात कारखान्यावरून दोन तट पडलेले असतातच. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी एसटीच्या रांगेतला माणूस अजून 'नगर आलं का?' असंच विचारतो आणि शेजारचा त्याला दुरुस्त करतो. अशा या जिल्ह्यात दरवर्षी प्रॅक्टिकलच्या हंगामात अकोल्यापासून जामखेडपर्यंत एक चमत्कार घडतो. केमिस्ट्रीची शेकडो पोरं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या बाटल्यांतलं ॲसिटिक ॲसिड, वेगवेगळ्या वयाच्या पीएच मीटरवर मोजतात आणि सगळ्यांचं उत्तर एकच येतं. ४.७६. ना ४.७५, ना ४.७७. सहकारी सोसायटीतही इतकी बिनविरोध निवड होत नाही. तिथे निदान एक अर्ज शेवटच्या दिवशी मागे घ्यावा लागतो.

ज्यांनी बारावीनंतर सायन्सला रामराम ठोकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रयोगाचं नाव जर्नलमध्ये दोन ओळी खातं: 'पीएच मीटरच्या साहाय्याने दुर्बल आम्लाचा विचरण स्थिरांक काढणे.' अर्थ एवढाच, की हे ॲसिड आपला हायड्रोजन किती घट्ट धरून बसलंय ते शोधायचं.

हे समजायला आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला पुस्तक लागू नये. १९५०च्या सुमाराला प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथला प्रत्येक सभासद हा विषय निवडणुकीत प्रत्यक्ष करून पाहतोय. हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणजे अर्ज भरायच्या आधीच उघडपणे दुसऱ्या पॅनेलच्या जीपमध्ये बसलेली मंडळी. पाण्यात पडलं की सगळंच्या सगळं फुटलं, लपवाछपवी नाही. ॲसिटिक ॲसिडचं तसं नाही. त्याचं ०.१ मोलरचं द्रावण घेतलं तर हजारातले जेमतेम तेरा रेणू फुटलेले असतात. बाकीचे नऊशे सत्त्याऐंशी 'आम्ही साहेबांबरोबरच' म्हणत कुंपणावर बसलेले. त्यांची निष्ठा किती पक्की, हे विचारून कळत नाही. विचारलं तर सगळेच पक्के. त्यासाठी समोरच्या पॅनेलनं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडनं, एकेक करून ओढायला सुरुवात करावी लागते. ब्युरेटमधून थेंब थेंब. आणि बरोबर अर्धे फुटले, अर्धे राहिले, त्या घटकेला गावाचं वातावरण किती तापलंय ते पीएच मीटरवर वाचायचं. तो आकडा म्हणजे पीकेए. निष्ठेला बाजारात काय भाव आहे ते त्यावरून कळतं.

गंमत म्हणजे त्या मधल्या काळात वातावरण फारसं तापतच नाही. २५ मिली ॲसिड घेतलं, तेवढ्याच ताकदीचा सोडा, म्हणजे तेच सोडियम हायड्रॉक्साइड, घालायला घेतला, तर हिशेबाने दहा मिलीला पीएच ४.५८ असतो आणि पंधरा मिलीला ४.९४. पाच मिली सोडा ओतला, म्हणजे पाचातला एक रेणू पलीकडे गेला, आणि काटा अर्धा घरसुद्धा हलला नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे. मग शेवटी २४.९ मिलीला ७.१६ आणि २५.१ मिलीला एकदम १०.३०! दोन दशांश मिलीत तीन घरांची उडी, आणि फिनॉल्फ्थॅलीन घातलेलं असेल तर फ्लास्कमध्ये गुलालही उधळला जातो.

आता प्रत्यक्ष प्रयोगशाळेत चला. कॉलेजचं नाव सांगत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर पीएच मीटर, त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ आणि धुळीवर कुणीतरी बोटानं काढलेलं बदामाचं चित्र. काचेचा इलेक्ट्रोड फिल्मच्या जुन्या डबीत पाण्यात बुडवून ठेवलेला. त्याच्या टोकाचा फुगा इतका पातळ, की सर वर्षाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला त्याची किंमत सांगतात आणि पुढे वर्षभर पोरं त्याला हातच लावत नाहीत. शेजारी मीटर जुळवून घ्यायला ४, ७ आणि ९.२ पीएचच्या बफरच्या बाटल्या. बफरची गोळी १०० मिली पाण्यात विरघळवायची असते. पण बॅच मोठी आणि गोळ्या थोड्या असल्या की लॅबमधले मामा ती अडीचशेत विरघळवतात. सर रागावले, तर मामांचं उत्तर तयार असतं, 'सर, बफर आहे ना? मग पाणी घातल्यानं बदलतोय कशाला?' ही गोष्ट बरीचशी खरी आहे हे कळल्यामुळे सर जास्तच चिडतात.

चौघांचा ग्रुप असतो. एक जण ब्युरेटची तोटी फिरवतो, एक जण काचेच्या कांडीनं ढवळतो, एक जण आकडे वाचतो आणि चौथा लिहितो. पाचवा असला तर तो बाहेर चहा सांगायला जातो. पहिला आकडा येतो ३.१०. पुस्तकाप्रमाणे हवा २.८८. वाचणारा लिहिणाऱ्याकडे बघतो, लिहिणारा ढवळणाऱ्याकडे बघतो आणि ढवळणारा इलेक्ट्रोडवर कांडी आपटतो. पुढचे आकडे एकदम ढेपाळतात. मग लाइट जाते. लाइट येते तेव्हा मीटर ७.०० दाखवून ठाम बसलेला असतो, जणू आपण काही पाहिलंच नाही.

इथून पुढे खरं रसायनशास्त्र सुरू होतं. चौथा, म्हणजे लिहिणारा, पेनचं टोपण दातात धरतो आणि म्हणतो, 'भो, उत्तर किती आणायचंय?' उत्तर ४.७६ हे सीनियरांच्या जर्नलवरून पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. बारा पूर्णांक पाच मिलीसमोर ते आधी लिहून टाकायचं. मग हेंडरसन-हॅसेलबाल्कचं समीकरण उलटं चालवायचं: जितका फुटला त्याला जितका राहिला त्यानं भागा, लॉग घ्या, ४.७६मध्ये मिळवा. दहा मिलीसमोर ४.५८. पंधरासमोर ४.९४. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत अख्खं टेबल तयार. पण आमची पोरं कच्च्या गुरूची चेली नाहीत. अगदी बरोबर आकडे संशयास्पद दिसतात हे त्यांना कळतं. म्हणून मग 'नैसर्गिकपणा' मिसळला जातो: इथे ०.०२ वाढव, तिथे ०.०३ कमी कर. आलेख काढताना मधला एक बिंदू मुद्दाम रेघेच्या खाली ठेवायचा, त्याला गोल करायचा आणि बाजूला लिहायचं, 'प्रायोगिक चूक'. आमच्या जिल्ह्यात चुकीचं इतकं काळजीपूर्वक नियोजन दुसऱ्या कुठल्याही खात्यात होत नसेल.

यावर तोड म्हणून एक फार सुंदर रीत आहे. गुन्नार ग्रान या स्वीडिश माणसानं १९५२ साली लिहिलं, की अर्ध्या वाटेवरच्या एकाच बिंदूवर अवलंबून कशाला राहता? उडीच्या आधीचे सगळे आकडे घ्या. प्रत्येक पीएचवरून हायड्रोजन आयनांचं प्रमाण काढा, त्याला घातलेल्या सोड्याच्या मिलीनं गुणा आणि तो गुणाकार मिलीसमोर मांडा. सरळ रेघ येते. ती जिथे आडव्या अक्षाला टेकते तो समाप्तीचा बिंदू आणि तिचा उतार म्हणजे थेट विचरण स्थिरांक. ही रीत शिकवायला घेतली तर पोरांना भारी आवडते. एका बॅचनं तर एक्सेलमध्ये आलेख काढून आणला. रेघ अशी तलवारीसारखी, आर-स्क्वेअर १.००००. सर म्हणाले, 'बाळांनो, एवढी सरळ रेघ नगर-मनमाड रस्त्यावर कुठे दिसली तर मला कळवा.'

उत्तर चुकलं की सांगायची कारणंसुद्धा परंपरेनं ठरलेली आहेत. पहिलं कारण, उन्हाळा. 'सर, एप्रिलमध्ये लॅबचं तापमान बघा. छत्तीस-सदतीस. पुस्तकातला आकडा पंचवीसचा आहे.' कारण बिनतोड दिसतं आणि बाहेरून आलेला, घामेजलेला परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, मान डोलावतो. पण ॲसिटिक ॲसिड इथे पोरांना दगा देतं. वीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान त्याचा पीकेए जवळजवळ जागचा हलत नाही, फरक पडतो तो दशांशाच्या दुसऱ्या स्थळावर. नगरच्या उन्हाळ्याला न जुमानणाऱ्या मोजक्या चिजांपैकी ही एक. मीटरचं तापमानाचं बटण फिरवलं नसेल तर दोष मीटरचा, ॲसिडचा नाही. दुसरं कारण, 'सर, सोडा जुना होता, हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन बसला होता.' हेही अर्धंच टिकतं. अर्ध्या वाटेवरचा पीएच वाचायला सोड्याची ताकद नेमकी माहीत असण्याची गरजच नसते. उडी कितीला लागली तेवढं कळलं की त्याचं निम्मं करायचं. ॲसिडची ताकद माहीत नसली तरी चालतं. एवढा माफक मागण्यांचा प्रयोग अभ्यासक्रमात दुसरा नसेल. कुणीतरी एकदा थेंब नीट मोजावेत एवढीच त्याची अपेक्षा आहे, आणि नेमकं तेच जमत नाही.

या सगळ्यामागच्या मंडळींचा इतिहासही व्हायव्हासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, उपयोगी आहे. क्षार पाण्यात पडले की आयनांत फुटतात, असं स्वान्ते अऱ्हेनियसनं १८८४ साली उप्सालाच्या प्रबंधात मांडलं, तेव्हा परीक्षकांनी त्याला इतकी खालची श्रेणी दिली की प्राध्यापकाची नोकरीही मिळू नये. पुढे १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. आमच्याकडे हा किस्सा नापास झालेला प्रत्येक मुलगा घरी सांगतो, फक्त पुढच्या भागाची वाट पाहणं अजून चालू असतं. पीएच ही कल्पना १९०९ साली सोरेनसेननं काढली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. हे कळल्यावर वर्गाचा विषयातला रस एकदम वाढतो आणि सरांना पुढच्या मुद्द्याकडे वळावं लागतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पीएच मीटरचा जन्म. १९३४ साली कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमनकडे त्याचा एक जुना मित्र आला. तो लिंबू-संत्रीवाल्या शेतकऱ्यांच्या संघात रसायनतज्ज्ञ होता. रसात सल्फर डायऑक्साइड मिसळलेला, त्यामुळे लिटमसचा रंगच उडायचा आणि आंबटपणा मोजता यायचा नाही. बेकमननं त्याला व्हॅक्यूम ट्यूब वापरून एक खोका करून दिला, तेच पुढचं पीएच मीटर. म्हणजे बघा: सहकारी संघ, लिंबं आणि सल्फर डायऑक्साइड. श्रीगोंद्याची लिंबं आणि उसाच्या रसाला गंधकाचा धूर देणारे आमचे साखर कारखाने डोळ्यांसमोर आणा. हे यंत्र नगर जिल्ह्यातच निघायला हवं होतं. निघालं असतंही, पण त्याचा चेअरमन कोण यावर अडलं असतं.

ॲसिटिक ॲसिडही आम्हाला परकं नाही. उसापासून साखर, साखर काढल्यावर उरलेली मळी, मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून ॲसिटिकच्या घराण्यातली रसायनं, ही सगळी वंशावळ जिल्ह्यातच आहे. कोपरगावजवळच्या साकरवाडीत इथाइल ॲसिटेट बनतं. तेव्हा पोरगं ज्या ॲसिडचे आकडे खोटे लिहितं ते बहुधा त्याच्याच बापाच्या उसाचं दूरचं नातेवाईक असतं.

आणि आता जी गोष्ट सांगायची म्हणून हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. एका वर्षी एका मुलीनं हा प्रयोग खरोखर केला. ग्रुपमधले तिघं आलेच नव्हते, त्यामुळे तिला कुणी अडवलं नाही. ताजे बफर केले, इलेक्ट्रोड धुतला, ढवळताना कांडी आपटली नाही, दर थेंबानंतर काटा थांबेपर्यंत थांबली. तिचं उत्तर आलं ४.६८. सरांनी जर्नलवर लाल पेनानं 'पुन्हा करा' लिहिलं. स्थिरांक काढला तर पुस्तकात वन पॉइंट सेव्हन फाइव्ह इन्टू टेन रेझ टू मायनस फाइव्ह, हिचा टू पॉइंट वन. चूक एकोणीस-वीस टक्के! शेजारच्या टेबलावरच्या, मीटर चालूच न केलेल्या ग्रुपची चूक शून्य टक्के आणि मार्क दहापैकी दहा.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा ४.६८. मामा म्हणाले, 'बाई, आठाच्या जागी सहा आणि सहाच्या जागी सात लिही आणि घरी जा, शेवटची शिर्डी गाडी जाईल.'

वास्तविक ४.६८ हेच बरोबर होतं. पुस्तकातला ४.७६ हा अतिशय विरळ, जवळजवळ रिकाम्या पाण्यातला आकडा आहे. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये अर्ध्या वाटेवर सोडियमचे आणि ॲसिटेटचे आयन लिटरला मोलच्या तिसाव्या भागाइतके साठलेले असतात. ते एकमेकांना ओढतात, प्रत्येकाभोवती उलट्या भाराच्या आयनांचं कोंडाळं जमतं, त्यामुळे ॲसिटेट पूर्ण जोरानं वागतच नाही आणि ॲसिडला फुटणं थोडं सोपं जातं. डिबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ साली याचा हिशेब बसवून दिला. तो या प्रयोगाला लावला तर पीएच साधारण आठ शतांशांनी खाली यायला हवा. ४.७६ वजा ०.०८ म्हणजे ४.६८. मीटर खरं बोलत होता, मुलगी खरं लिहीत होती. जिल्हाभर जो आकडा बिनविरोध निवडून येतो तो प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्याला येऊच नये, असा आहे. ४.७६ आलं की समजावं, एकतर दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलंय किंवा मीटर प्लगला जोडलेलाच नाही.

मला तर वाटतं, एक्स्टर्नलनी यावरच मार्क द्यावेत. ४.७६ला चार, ४.६८ला दहा आणि जो 'सर, माझं ४.५१ आलंय, का ते कळत नाही' म्हणेल त्याला नोकरी.

पण फक्त कॉलेजला नावं ठेवून उपयोग नाही. जिल्ह्यात रोज सकाळ-संध्याकाळ याहून कितीतरी जास्त टायट्रेशन, म्हणजे असंच थेंब थेंब सोडा सोडणं, होतं आणि तिथे पैसे गुंतलेले असतात. संगमनेर, राहाता, राहुरी, कुठल्याही गावच्या दूध संकलन केंद्रातून दूध डेअरीत आलं की लॅबमधला पोरगा दहा मिली दूध घेतो, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतो आणि सोडा सोडत जातो. फिकट गुलाबी आलं की थांबायचं. सोडा 'एन बाय नाइन' घेतला तर हिशेब इतका सोपा, की जितके मिली लागले त्याला दहानं भागा, झाली लॅक्टिक ॲसिडची टक्केवारी. १.५ मिली म्हणजे ०.१५. नववा हिस्सा का घेतला? लॅक्टिक ॲसिडचा रेणुभार ९० आहे म्हणून. ज्याला हे सुचलं त्याला लॉग टेबलची मनस्वी चीड असणार.

आता यातली मौज अशी, की ताज्या, नुकत्याच काढलेल्या दुधात लॅक्टिक ॲसिड जवळजवळ नसतंच! ते जीवाणूंनी दूध आंबवायला घेतल्यावर बनतं. मग ०.१५ कशाचं? दुधातल्या केसिनचं, फॉस्फेटचं, सायट्रेटचं, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं. या सगळ्यांनी मिळून सोडा पिऊन टाकलेला असतो आणि बिल फाडलं जातं लॅक्टिक ॲसिडच्या नावावर, जे त्या वेळी घटनास्थळी हजरसुद्धा नसतं. शेतकरी केंद्रावर वाद घालतो, 'अहो, आत्ता धार काढून आणलंय, आंबट कसं असेल?' तो रसायनशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर असतो आणि डेअरीवालाही बरोबर असतो, कारण त्याला ०.१५चं काही वाटत नाही, त्याची नजर ०.१८च्या पुढे काय होतं यावर असते. पदवी नसलेली ही दोन माणसं रोज पहाटे असं भांडतात, आणि निदान मीटर बंद ठेवून भांडत नाहीत.

ॲसिटिकला कंटाळून एका बॅचनं प्रोजेक्टला श्रीगोंद्याची लिंबं घेतली. कल्पना चांगली. पण लिंबातलं सायट्रिक ॲसिड तीन वेळा फुटतं, त्याचे पीकेए ३.१३, ४.७६ आणि ६.४०. तीन उड्या दिसतील म्हणून पोरं आलेखाचा मोठा कागद घेऊन बसली. तिन्ही पायऱ्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की उडी दिसली एकच, अगदी शेवटी. पोरांनी सवयीप्रमाणे तिचं निम्मं केलं. हे निम्मं नेमकं दुसऱ्या हायड्रोजनच्या मध्यावर पडतं, म्हणजे कागदी हिशेबाने उत्तर, धरा खुर्ची, ४.७६! मीटरवर साडेचारच्या आसपास आलं होतं, पण ग्रुपमधल्या लिहिणाऱ्याचा हात आता सरावलेला होता. जर्नलमध्ये त्यांनी निष्कर्ष लिहिला: 'लिंबाच्या रसात ॲसिटिक ॲसिड आढळले.' खाली टीप: 'बाजारातील लिंबात व्हिनेगरची भेसळ असण्याची शक्यता आहे.'

एक्स्टर्नल श्रीगोंद्याचे निघाले. घरची चार एकर लिंबाची बाग. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शांतपणे विचारलं, 'लिंबं कुठून घेतली होती?' पोरांनी मार्केटमधल्या गाळ्याचं नाव सांगितलं. व्हायव्हा पाऊण तास चालला, त्यातला केमिस्ट्रीचा भाग पाच मिनिटांचा. तोपर्यंत मामांनी उरलेल्या लिंबांचं सरबत करून बीकरमधून सगळ्यांना वाटलं होतं. साखर कारखान्याची, पाणी फिल्टरचं, आणि मीठ लॅबमधल्या बाटलीतलं नाही, हे त्यांनी पोराबाळांच्या शपथेवर सांगितलं.